क्रिस्टल रेडिओ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रिस्टल रेडिओ, म्हणजे बॅटरीविना चालणारा साधा रेडिओ, पहिल्यांदाच करायला घेणारे हमखास जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. वाचताना एक गोष्ट ध्यानात असू द्या: या सेटमध्ये आवाज वाढवणारा एकही भाग नसतो. एरियलने, म्हणजे लहरी पकडणाऱ्या तारेने, जेवढी ऊर्जा आणली तेवढीच हाताशी, पुढे तिच्यात कणभरही भर पडत नाही. म्हणून कॉइल कशी गुंडाळायची इथपासून इअरफोन कोणता लावायचा इथपर्यंत, बहुतेक उत्तरांच्या मुळाशी एकच काळजी आहे: आलेली ऊर्जा वाटेत सांडू नये.

बॅटरी नाही, प्लग नाही. मग आवाज येतो कशाच्या जोरावर?

रेडिओ स्टेशनच्याच जोरावर. प्रक्षेपणाच्या मनोऱ्यातून कित्येक किलोवॅट शक्ती रेडिओलहरींच्या रूपाने चहूकडे पसरत असते. या लहरी एरियलच्या तारेवरून जाताना तारेतल्या इलेक्ट्रॉनांना मागेपुढे हलवतात आणि तारेत अगदी क्षीण विद्युतप्रवाह सुरू होतो. तोच शेवटी इअरफोनचा पडदा हलवतो.

स्टेशन जवळ असेल, एरियल आणि अर्थिंग चांगलं असेल, तर हाती लागणारी शक्ती काही मायक्रोवॅट भरते. साधा एलईडी नीट पेटायला वीसेक मिलिवॅट लागतात, म्हणजे हजारपट किंवा त्याहूनही जास्त. तरी ऐकू येतं, याचं श्रेय आपल्या कानाला. शांत खोलीत, चांगला हेडफोन कानाला घट्ट लावला, तर मायक्रोवॅटच्या हजाराव्या हिश्शाएवढा आवाजही जाणवतो.

मी ऐकल्यामुळे शेजाऱ्याच्या वाट्याला कमी येतं का?

नाही. कोणी ऐको वा न ऐको, लहरी पसरतच असतात. तुमची तार त्यातला इतका किरकोळ अंश घेते की स्टेशनला किंवा इतर श्रोत्यांना त्याचा पत्ताही लागत नाही.

सेटमध्ये नेमके किती भाग असतात? जोडायचे कसे?

एरियल, अर्थिंग (जमिनीशी जोड), कॉइल (तारेचं वेटोळं), गँग कंडेन्सर (पाती फिरवून ज्याची कपॅसिटी, म्हणजे चार्ज साठवायची क्षमता, बदलता येते), डायोड आणि इअरफोन. संपली यादी. कॉइल आणि गँग एकमेकांना समांतर जोडायचे. या जोडीच्या वरच्या टोकाला एरियल, खालच्या टोकाला अर्थिंग. वरच्या टोकापासून डायोड निघतो, डायोडच्या दुसऱ्या पायाला इअरफोनची एक तार, आणि इअरफोनची दुसरी तार परत अर्थिंगला. गँगच्या फिरत्या पात्यांचा पाय अर्थिंगच्या बाजूला ठेवा. तो वर गेला तर खुंटीला हात लागताच स्टेशन सरकतं.

हवेत एवढी स्टेशनं असताना सेट एकच कसं निवडतो?

कॉइल आणि कंडेन्सर यांच्या जोडीमुळे. भरलेला कंडेन्सर कॉइलमधून रिकामा होऊ लागला की कॉइलभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते क्षेत्र मावळताना कंडेन्सर उलट बाजूने भरतं, आणि मग सगळं पुन्हा उलट्या दिशेने. सेकंदाला अशा किती येरझारा होणार हे कॉइलचा इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला विरोध करण्याचा तिचा गुण) आणि कंडेन्सरची कपॅसिटी ठरवतात. झोक्याला त्याच्या लयीत हलके धक्के देत राहिलं की झोका चढत जातो. भलत्या वेळी दिलेले धक्के एकमेकांना मारतात. एरियलवरून सगळीच स्टेशनं एकदम धक्के देत असतात, पण ज्याची लय जोडीच्या लयीशी जुळते त्याचाच व्होल्टेज चढत जातो. गँगची पाती फिरवणं म्हणजे ही लय बदलणं.

आकड्यांत पाहू. २४० मायक्रोहेन्रीची कॉइल आणि ३६५ पिकोफॅरडचा गँग पूर्ण मिटलेला असेल, तर जोडी सुमारे ५४० किलोहर्ट्झला लागते. पाती उघडत कपॅसिटी ४० पिकोफॅरडपर्यंत, म्हणजे नवव्या हिश्शावर आणली की वारंवारता तिप्पट, सुमारे १६२० किलोहर्ट्झ होते. हे नातं वर्गमुळाचं आहे, म्हणून नऊचं तीन झालं. जगात बहुतेक ठिकाणी मीडियम वेव्हचा प्रसारण पट्टा ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ असा आहे आणि अमेरिका खंडांत तो १७०० पर्यंत जातो, त्यामुळे ही जोडी जवळपास सगळा पट्टा व्यापते. प्रत्यक्षात एरियलचीही स्वतःची कपॅसिटी असते. ती गँगमध्ये मिळते आणि वरच्या टोकाची स्टेशनं हातातून निसटतात. असं झालं तर कॉइलचे काही फेरे कमी करा किंवा एरियलच्या वाटेत १०० पिकोफॅरडचा छोटा कंडेन्सर घाला.

डायोड नसेल तर काय बिघडतं? लहर तर इअरफोनपर्यंत पोहोचतेच ना?

पोहोचते, पण ऐकू काहीच येत नाही. या सगळ्या खटाटोपाचं मर्म इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१००० किलोहर्ट्झचं स्टेशन म्हणजे सेकंदाला दहा लाख वेळा पुढेमागे होणारा प्रवाह. निवेदकाचा आवाज त्यावर चढवायचा म्हणजे या प्रवाहाची उंची आवाजाच्या चढउताराप्रमाणे कमीजास्त करायची. 'आ' म्हटलं तर सेकंदाला काही शे वेळा उंची वाढते आणि घटते. लहरीची वरची कड आवाजाच्या आकाराची होते. खालची कडही तशीच, फक्त आरशात पाहिल्यासारखी उलटी. एएम प्रसारण म्हणतात ते हेच.

आता ही लहर तशीच इअरफोनला दिली तर काय होईल? पडद्याला दहा लाखांच्या वेगाने हलणं शक्य नाही. त्याच्या वाट्याला येते ती फक्त सरासरी, आणि वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्या भागाला तंतोतंत खोडत असल्याने ती कायम शून्य असते. स्टेशन मोठं असो, लहान असो, पडदा जागचा हलत नाही.

डायोड प्रवाहाला एका दिशेने सहज जाऊ देतो, दुसऱ्या दिशेने अडवतो. लहरीचा एक अर्धा भाग उडाला की खोडायला कोणी उरत नाही. सरासरी आता शून्य राहत नाही, ती लहरीच्या उंचीबरोबर वरखाली होते. उंची तर आवाजाप्रमाणेच बदलत होती! पडदा ही सरासरी पाळतो आणि निवेदक बोलू लागतो.

बऱ्याच आकृत्यांत इअरफोनला समांतर १००० पिकोफॅरडचा कंडेन्सर दिसतो. उरलेली वेगवान लहर जिरवणं हे त्याचं काम. इअरफोनची आणि त्याच्या तारांची स्वतःची कपॅसिटी पुष्कळदा तेवढ्यासाठी पुरते, त्यामुळे तो काढून पाहा. फरक पडला नाही तर नको लावू.

डायोड उलटा लागला तर?

काही बिघडत नाही. वरच्याऐवजी खालचा भाग उडेल, आवाज तोच राहील.

जर्मेनियमचाच डायोड का? सिलिकॉनचा १एन४१४८ सहज मिळतो.

याचं ठरलेलं उत्तर असं: जर्मेनियम ०.२ ते ०.३ व्होल्टला चालू होतो, सिलिकॉनला ०.६ ते ०.७ लागतात. हे उत्तर चूक नाही, पण अर्धवट आहे. डायोडमध्ये अमुक व्होल्टला उघडणारं दार नसतं. प्रवाहाचा आलेख शून्यापासूनच हळूहळू वळत जातो. आपला सिग्नल पुष्कळदा काही दहा मिलिव्होल्टच असतो. तेव्हा पाहायचं ते असं, की शून्याच्या आसपास डायोड प्रवाहाला किती विरोध करतो. १एन३४ए सारख्या जर्मेनियम डायोडमध्ये हा विरोध काही दहा हजार ओहम असतो, १एन४१४८ मध्ये तो कोटीच्या घरात जातो. एवढ्या मोठ्या विरोधातून मायक्रोवॅटमधली शक्ती इअरफोनपर्यंत पोहोचणार कशी? स्टेशन अगदी दारात असेल तर सिलिकॉनही वाजतो, पण तो अपवाद. जर्मेनियम न मिळाल्यास बीएटी४१ सारखा शॉट्की डायोड लावून पाहायला हरकत नाही.

याच्याशीच जोडलेली आणखी एक गोष्ट. सिग्नल क्षीण असताना डायोडकडून मिळणारा आवाजाचा व्होल्टेज येणाऱ्या व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलतो: निम्मा आला तर मिळतो पाव. म्हणून क्रिस्टल सेटवर लांबची स्टेशनं कमी ऐकू न येता पार गायबच होतात, आणि म्हणूनच एरियल किंवा कॉइलमधली थोडीशी सुधारणासुद्धा अपेक्षेपेक्षा जास्त फळ देते.

मोबाइलचा इअरफोन चालेल का?

थेट नाही. तो १६ ते ३२ ओहमचा असतो. जोडला तर डायोडमागच्या सर्किटवर इतका भार येतो की झोका थांबल्यातच जमा. इथे लागतो तो जास्त ओहमचा इअरफोन. त्यात दोन प्रकार येतात. जुना चुंबकीय हेडफोन, साधारण २००० ओहमचा, मिळाला तर जपून ठेवा. दुसरा क्रिस्टल इअरफोन. पूर्वी त्यात रोशेल सॉल्टचा स्फटिक असे, तो दमट हवेत आणि उष्णतेत खराब व्हायचा. हल्ली बहुधा सिरॅमिकची चकती असते.

क्रिस्टल इअरफोनच्या बाबतीत एक खबरदारी. त्यातून एकदिश प्रवाह जात नाही, त्यामुळे डायोडने पाठवलेला चार्ज साचत जातो आणि थोड्याच वेळात आवाज बसतो किंवा फाटतो. इअरफोनला समांतर ४७ किलो-ओहम ते १०० किलो-ओहमचा रेझिस्टर लावला की साचलेल्याला वाट मिळते. 'सुरुवातीला छान वाजला, मग दबला' ही तक्रार बहुतेक वेळा याच रेझिस्टरपाशी येऊन थांबते.

मोबाइलचाच इअरफोन वापरायचा असेल तर मध्ये छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घाला: जास्त ओहमचं वेटोळं सेटकडे, कमी ओहमचं इअरफोनकडे.

एरियल किती लांब असावं?

जमेल तेवढं लांब आणि जमेल तेवढं उंच. १००० किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी ३०० मीटर, तिचा चौथा हिस्सा ७५ मीटर. एवढी तार कोणी लावत नाही. १५ ते २० मीटर तार जमिनीपासून पाच-सहा मीटर उंचीवर ताणली तरी जवळचं स्टेशन चांगलं मिळतं. लांबी आणि उंची यांत निवड करायची वेळ आली तर मी उंचीच्या बाजूने कौल देईन. तार कोणतीही चालते, प्लास्टिकचं वेष्टण असलं तरी. लहरींना ते आडवं येत नाही. टोकं मात्र दोरीने किंवा चिनीमातीच्या इन्सुलेटरने बांधा, ओल्या भिंतीला किंवा झाडाच्या फांदीला तार चिकटू देऊ नका.

अर्थिंग खरंच लागतं का? एरियल तर आहे.

लागतं, आणि नवशिक्यांचे सर्वांत जास्त सेट इथेच अडकतात. प्रवाहाला यायला वाट हवी तशी जायलाही हवी. एरियल आणि जमीन ही त्या वर्तुळाची दोन टोकं. जमिनीशी जोड कच्चा असेल तर निम्मी ऊर्जा त्या जोडातच तापून जाते. ओलसर मातीत मीटरभर ठोकलेला तांब्याचा किंवा जस्त चढवलेला गज उत्तम. जमिनीत गेलेला धातूचा नळही चालतो, पण मधे कुठे प्लास्टिकचा तुकडा नाही ना, ते पाहा. पकडायच्या जागचा रंग आणि गंज चकचकीत होईपर्यंत काचकागदाने घासा.

घरातल्या विजेच्या सॉकेटमध्ये, अगदी अर्थिंगच्या भोकातसुद्धा, तार खुपसायची नाही. वायरिंगमध्ये कोणी काय करून ठेवलं असेल ते बाहेरून कळत नाही, आणि इथे प्रश्न जिवाचा आहे.

कॉइल हाताने कशी गुंडाळायची?

साडेसहा सेंटिमीटर व्यासाची प्लास्टिकची किंवा पुठ्ठ्याची नळी आणि अर्ध्या मिलिमीटर जाडीची इनॅमल (वीजरोधक लेप) चढवलेली तांब्याची तार घ्या. ६० ते ६५ फेऱ्यांत वर म्हटलेले २४० मायक्रोहेन्री मिळतात. पुठ्ठा असेल तर आधी वॉर्निशचा पातळ हात द्या. ओल धरणारा पुठ्ठा ऊर्जा खातो.

नळीच्या कडेजवळ दोन बारीक भोकं पाडून तार त्यांतून दोनदा ओवा, म्हणजे सुरुवात सरकत नाही. तार हातात धरून नळी फिरवा. नळी धरून तार फिरवली तर तिला पीळ पडतात. ताण सारखा ठेवा, फेरे एकमेकांना चिकटून बसू द्या. दर दहाव्या फेऱ्याला बोटभर तार बाहेर काढून तिचा फासा करा, चार पीळ द्या आणि पुढे चालू. हे टॅप. मधेच उठायची वेळ आली तर चिकटपट्टी लावून मगच तार सोडा, नाहीतर सगळे फेरे सैल होतात.

गुंडाळून झालं की प्रत्येक टॅपच्या टोकावरचं इनॅमल खरवडायचं, तांब्याचा गुलाबीसर रंग सगळीकडून दिसेपर्यंत. इनॅमल पारदर्शक असतं, त्यामुळे तार उघडी असल्यासारखी वाटते, पण क्लिप लावली की संपर्कच होत नाही. मल्टिमीटर असेल तर प्रत्येक टॅप तपासून घ्या.

टॅप कशासाठी?

एरियल आणि डायोड दोन्ही कॉइलच्या थेट टोकाला जोडले तर दोघेही झोक्याला धरून ठेवतात: आवाज मोठा, पण स्टेशनं एकमेकांत मिसळलेली. एरियल खालच्या, अर्थिंगजवळच्या टॅपवर आणि डायोड मधल्या टॅपवर नेला की पकड सैल होते आणि स्टेशन धारदार लागतं. पार खाली नेलं तर आवाज घटतो. यातला सुवर्णमध्य प्रत्येक एरियलला वेगळा असतो. दोन क्रोकोडाइल क्लिप घ्या आणि बसल्या बैठकीत सगळे टॅप फिरून पाहा.

तरीही दोन स्टेशनं एकदम ऐकू येतात.

एरियलची स्वतंत्र छोटी कॉइल करा, दहा-पंधरा फेऱ्यांची. तिचं एक टोक एरियलला, दुसरं अर्थिंगला जोडा आणि ती मुख्य कॉइलजवळ नुसती ठेवा. अंतर वाढवत गेलात की स्टेशनं सुटी होऊ लागतात. एकच दांडगं स्टेशन सगळीकडे घुसत असेल तर एरियलच्या वाटेत दुसरी कॉइल-कंडेन्सरची समांतर जोडी घाला आणि ती त्या नकोशा स्टेशनवर लावून त्याला तिथेच अडवा.

डायोड नव्हता त्या काळी काय वापरत?

गॅलेना, म्हणजे शिशाच्या सल्फाइडचा करडा, चमकदार खडा. तो धातूच्या वाटीत बसवत आणि वरून एक बारीक, स्प्रिंगसारखी तार टेकवत. तिला 'मांजराची मिशी' म्हणत. खड्याचा सगळा पृष्ठभाग सारखा नसतो. काही ठिकाणीच एकदिश वहन चांगलं होतं. ती जागा डोळ्यांना दिसत नाही. तार उचलायची, केसभर बाजूला टेकवायची, ऐकायचं, पुन्हा उचलायची. दाब जास्त झाला तरी आवाज जातो, टेबलाला धक्का बसला तरी जातो. आजही हा खडा लावून पाहण्यासारखा आहे. सेट डायोडवर चालतोय याची आधी खात्री करा, मगच खडा लावा, म्हणजे शोधायची गोष्ट एकच उरते. खडा हाताळल्यावर हात धुवा, त्यात शिसं आहे.

दुसऱ्या महायुद्धात सैनिकांनी याहून साधी युक्ती काढली: दाढीचं निळसर झाक असलेलं किंवा गंजलेलं ब्लेड आणि त्यावर सेफ्टी पिनला अडकवलेला पेन्सिलीच्या शिशाचा, म्हणजे ग्राफाइटचा, तुकडा. ब्लेडवरचा ऑक्साइडचा थर डिटेक्टरचं, म्हणजे डायोडचं, काम करतो. १९४४ मध्ये इटलीतल्या आंझिओच्या आघाडीवर असे सेट केले गेले.

हा शोध लावला कोणी?

एकाचं नाव घेता येत नाही. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फर्डिनांड ब्राउन यांनी १८७४ मध्ये दाखवलं की काही सल्फाइड स्फटिकांमधून वीज एका दिशेने जास्त सहज वाहते. हाइनरिख हर्ट्झ यांनी प्रयोगशाळेत रेडिओलहरी निर्माण करायला तेव्हा आणखी बारा-तेरा वर्षं अवकाश होता. म्हणजे रेडिओचा डिटेक्टर रेडिओच्या आधी सापडला! जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात मिलिमीटर लांबीच्या लहरींवर काम करताना गॅलेनाचा डिटेक्टर वापरला. त्याच्या अमेरिकी पेटंटसाठी १९०१ मध्ये अर्ज झाला आणि १९०४ मध्ये ते मिळालं. अर्धवाहकावर आधारलेल्या उपकरणाचं ते पहिलं पेटंट मानलं जातं. १९०६ मध्ये डनवुडी यांचा कार्बोरंडमचा (सिलिकॉन कार्बाइडचा) आणि पिकार्ड यांचा सिलिकॉनचा डिटेक्टर आला. १९२० च्या दशकात प्रसारण सुरू झालं, तेव्हा असंख्य घरांत पहिला आवाज याच खड्यांतून आला.

जाता जाता: १९०७ मध्ये एच. जे. राउंड कार्बोरंडमवर प्रयोग करत असताना वीज दिल्यावर तो स्फटिक अंधुक उजळलेला त्यांना दिसला. आजच्या एलईडीमागचा परिणाम पहिल्यांदा नोंदला गेला तो तेव्हा.

एफएम ऐकता येईल का?

तसं नाही. एफएममध्ये लहरीची उंची बदलत नाही, वारंवारता बदलते, आणि आपला डायोड उंचीच वाचतो. स्टेशन अगदी जवळ असेल तर सेट त्याच्या किंचित बाजूला लावून अस्पष्ट ऐकल्याची उदाहरणं आहेत, पण त्यासाठी एफएमच्या वारंवारतेची वेगळी कॉइल लागते. शॉर्ट वेव्ह मात्र ऐकता येते, कमी फेऱ्यांची कॉइल करून.

रात्री लांबची स्टेशनं का मिळतात?

दिवसा सूर्यप्रकाशामुळे वातावरणाच्या वरच्या भागात जो 'डी' थर तयार होतो, तो मीडियम वेव्ह शोषून घेतो. सूर्य मावळला की हा थर विरतो, लहरी आणखी वरच्या थरांपर्यंत जातात आणि तिथून वळून शेकडो किलोमीटर दूर उतरतात.

काहीच ऐकू येत नाही. कुठून सुरुवात करू?

आधी इअरफोन. दीड व्होल्टच्या सेलला त्याच्या तारा क्षणभर टेकवा, 'टक्' असा आवाज यायला हवा. मग जोड: इनॅमल राहिलंय का, गँगची पाती एकमेकांना घासतात का. त्यानंतर अर्थिंग काढून पुन्हा लावा. काहीच फरक जाणवला नाही तर अर्थिंग नावालाच आहे. एवढं करूनही शांतता असेल तर साधा मीडियम वेव्हचा रेडिओ लावून तुमच्या भागात दिवसा एखादं दमदार एएम स्टेशन लागतं का ते पाहा. युरोपातल्या अनेक देशांनी मीडियम वेव्ह प्रसारण बंद केलं आहे, आणि स्टेशनच नसेल तर सेटचा दोष नाही.

बाहेरच्या एरियलचा धोका किती?

विजेच्या तारांच्या वरून, खालून किंवा जवळून एरियल नेऊ नका. तुटून पडलं तरी त्यांना लागणार नाही एवढं अंतर ठेवा. वादळाची चिन्हं दिसण्याआधीच एरियल सेटवरून काढून घराबाहेरच थेट अर्थिंगला जोडून ठेवा. गडगडाट ऐकू आल्यावर तारेला हात लावायला जाऊ नका.

सेट वाजला. आता आवाज वाढवायला पहिला बदल कोणता?

अर्थिंग सुधारा. नंतर एरियल उंच करा, मग चांगला हेडफोन मिळवा. कॉइल जाड तारेची करणं आणि डायोड बदलून पाहणं हे त्यानंतर. पहिली तीन कामं कच्ची असतील तर या दोन्हींचा फरक कानाला कळतच नाही.